चौथा खंड आणि माझा गेलेला आवाज

मी ताईंचा लॅपटॉप बोलतोय. गेल्या वर्षी अकरा दिवस मला एवढंही म्हणता येत नव्हतं, म्हणून आज थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक हॉलमध्ये सरकत्या पट्ट्यावर झाला. माझ्यासारखे शेकडो एकामागून एक पुढे सरकत होते. ज्या बाईने माझ्या बिजागरीचे चार स्क्रू आवळले, तिने चौथा आवळताना जांभई दिली. तो स्क्रू अजून थोडा सैल आहे. त्यामुळे झाकण उघडताना मी किंचित कुरकुरतो. लोक म्हणतात वय झालं. वय नाही, जांभई आहे ती.

पहिली काही वर्षं एका कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाला एंटरचं बटण हळू दाबता यायचं नाही. साहेबांवरचा सगळा राग त्या एका बटणावर निघायचा. माझ्या शेजारच्या टेबलावर माझ्यासारखाच दुसरा लॅपटॉप होता. रंग तोच, जाडी तीच, कंपनी तीच. आम्हाला सगळे जुळे समजायचे. आतून मात्र आम्ही वेगळे होतो. माझ्या मागच्या कडेला नऊ पिनांचं एक जुनं सॉकेट आहे, त्याला नाही. त्याचा आवाजाचा भाग वेगळा, माझा वेगळा. सख्ख्या भावांचं नाक सारखं असलं तरी पोट सारखं असतंच असं नाही.

कार्यालयात नवं सामान आलं आणि आम्हा दोघांना एका ब्रेल छापखान्याला देऊन टाकलं. तीन खोल्यांची ती जागा. पहिल्या खोलीत मोठ्या बाई बसतात, त्या छापखान्याच्या प्रमुख. जुळा त्यांच्या टेबलावर गेला. तिसऱ्या खोलीत बांधणी चालते. मधल्या खोलीत ठोक्या असतो आणि त्याच्या समोर ताई.

ठोक्या म्हणजे ब्रेल छापायचं यंत्र. जाड कागदावर तो टिंबं ठोकत जातो आणि सगळी खोली थरथरते. त्याची सारी देखभाल मिस्त्री करतात. पन्नाशीचे गृहस्थ, खिशात कायम एक स्क्रू ड्रायव्हर, स्वभावाने गरीब, पण ठोक्याबद्दल कुणी वाईट बोललं की गरम होतात.

आणि ताई. त्या जन्मापासून पाहू शकत नाहीत. तीस वर्षं त्या छापलेलं प्रत्येक पान बोटांनी वाचून चुका काढतात. एक मात्रा निसटली तरी बोट तिथेच थांबतं. म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना मात्राताई म्हणतात. त्यांना हे माहीत आहे. एकदा त्या मिस्त्रींना म्हणाल्या होत्या, "म्हणा हो, पण नीट लिहीत चला."

त्या खोलीत प्रत्येक वस्तूवर ब्रेलची पट्टी चिकटवलेली असते. कप्पे, बटणं, चहाचा डबा, साखरेचा डबा, खिडकीची कडी. पट्टी सांगेल ते खरं, असा तिथला दंडक आहे. डोळस माणसंसुद्धा डबा उघडून बघत नाहीत, पट्टीवर विसंबतात. पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना टेबलावर पालथं ठेवलं. मोठ्या बाईंनी आमच्या पाठीवरचे मॉडेल नंबर वाचून दाखवले, ताईंनी दोन पट्ट्या टोचल्या आणि त्या छापील नंबरांवरच आपल्या हाताने चिकटवल्या.

माझी पट्टी जुळ्याला लागली आणि जुळ्याची मला.

मला ते तेव्हाच कळलं होतं. पण माझी अडचण समजून घ्या. मी बोलतो तो दुसऱ्याचा मजकूर. समोर जे लिहिलं असेल ते वाचून दाखवतो. स्वतःचं म्हणून एक वाक्य बोलायची मला सोय नाही. शिवाय तीस वर्षं जगाच्या चुका काढणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी चूक दाखवायची, हे मला तरी झेपलं नसतं.

सात वर्षं ही चूक पाठीवर घेऊन मी सुखात होतो. ताईंना मी पत्रं वाचून दाखवायचो, बातम्या, दुपारच्या सुट्टीत एखादी कादंबरी. त्या मला इतक्या वेगाने बोलायला लावतात की मिस्त्रींना एक शब्द कळत नाही. "हे काय वाचतंय की भांडतंय?" असं ते विचारायचे. ताई ऐकता ऐकता हसायच्या आणि एवढ्या घाईतही माझे चुकीचे उच्चार पकडायच्या. मला त्यांचा लळा लागला. हे सरळच सांगतो, आडपडदा कशाला.

गेल्या वर्षी ठोक्याला चालवणारा जुना संगणक बंद पडला. मिस्त्रींनी त्याची हार्ड डिस्क वाचवली, पण बाकी सगळं जळालं होतं. तेव्हा छापखान्यात एकच मोठं काम चालू होतं. फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मुलीसाठी शरीररचनेचं पुस्तक, चार खंडांत. तिची दृष्टी कॉलेजात असताना गेली होती. बोटांनी वाचायला शिकून तिने पुन्हा अभ्यास सुरू केला होता. डोकं-मान, हात आणि पाठ असे तीन खंड तिला पोचले होते. चौथा, पायांचा, छापायचा होता. परीक्षेला पंचवीस दिवस होते. ती दर दोन दिवसांनी फोन करायची. "ताई, माझा अभ्यास कमरेपर्यंत झालाय," ती म्हणायची. "खाली काय आहे ते कधी कळणार?"

ठोक्याला चालवणारा प्रोग्रॅम जुना. तो फक्त जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, आणि चुका दुरुस्त करायचं कामही त्यातच होतं. ठोक्याची केबल नऊ पिनांची. तसं सॉकेट साऱ्या छापखान्यात माझ्याकडेच. झालं, माझी निवड झाली. मिस्त्रींनी कपाटातली जुन्या सिस्टिमची सीडी काढली, माझ्यातलं सगळं पुसलं आणि मला दहा-बारा वर्षं मागे नेलं. ठोक्याचा प्रोग्रॅम, वाचून दाखवायचा प्रोग्रॅम आणि चौथा खंड त्यांनी वाचवलेल्या हार्ड डिस्कवरून माझ्यात उतरवले.

नवी गोष्ट शिकणं एक वेळ सोपं. शिकलेलं सगळं विसरून पुन्हा जुन्या वर्गात जाऊन बसणं फार अवघड. मी जागा झालो तेव्हा माझेच अवयव मला परके झाले होते. त्याचं कारण ड्रायव्हर. आमच्यात ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. पडदा, आवाज, इंटरनेट अशा एकेका भागाकडून काम कसं करून घ्यायचं, हे सिस्टिमला समजावणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. त्या जुन्या सीडीवर माझ्यासारख्याचे ड्रायव्हर नव्हतेच. पडद्यावरची अक्षरं पाटीवर गिरवल्यासारखी मोठाली आणि फाटकी. इंटरनेट बंद. चारपैकी एकच यूएसबी जिवंत. आवाज शून्य.

नऊ पिनांचं सॉकेट मात्र चालत होतं. मिस्त्रींनी केबल लावली, एक पान पाठवलं आणि ठोक्या धडधडायला लागला. मिस्त्रींचा चेहरा फुलला.

"ताई, झालं बघा काम. दिसतंय सगळं. बसा."

ताई बसल्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला, नेहमीचं बटण दाबलं आणि वाट पाहिली. पुन्हा दाबलं. मी पडद्यावर अक्षरं दाखवत होतो, पण त्यांच्यासाठी माझा पडदा म्हणजे नुसती गार काच. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मिस्त्री, हा बोलत नाहीये."

"आवाज होय? तो काय, शेवटी टाकू की. आधी चित्र नीट करू."

"चित्राचं मी काय करू?" ताई म्हणाल्या.

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर खिशात परत ठेवला. मनाने वाईट नाहीत ते. ज्याला दिसतं त्याला आधी पडदाच खुपतो, एवढंच.

मग शोध सुरू झाला. इंटरनेटचा ड्रायव्हर इंटरनेटवर आणि मला इंटरनेट नाही. तेव्हा मोठ्या बाईंच्या टेबलावरच्या जुळ्यावरून उतरवायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि माझ्या एकुलत्या जिवंत यूएसबीत खोचायचं, असं ठरलं. त्यासाठी माझं मॉडेल हवं. मिस्त्रींनी मला पालथं केलं आणि ताईंनी पट्टीवरून बोट फिरवून नंबर खणखणीत आवाजात सांगितला. मी मनात म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.

जुळा तिकडे बसून स्वतःसाठीची औषधं मला पाठवत राहिला. मिस्त्री पहिल्या खोलीतून मधल्या खोलीत, मधल्यातून पहिल्या खोलीत. पडद्याचा ड्रायव्हर म्हणाला, असा भागच इथे नाही. आवाजाचा ड्रायव्हर बिचारा निमूट बसला, शंभर टक्के झाला आणि काहीच घडलं नाही. मिस्त्रींनी तो काढून पुन्हा टाकला. मग जबरदस्तीने टाकला, तर माझा पडदा निळा झाला आणि मी बेशुद्ध पडलो. त्यांनी सगळं पुसून सिस्टिम नव्याने टाकली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बाहेरून स्पीकर जोडून पाहिले. पण आवाज आतच तयार होत नव्हता, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दिवस जात होते. काम थांबू नये म्हणून ताई छापलेलं पान बोटांनी वाचायच्या, चूक सांगायच्या आणि मिस्त्री एका बोटाने माझ्यावर टंकायचे. ज्या बोटांनी ते ठोक्याच्या सुया बदलतात, त्यांना माझी बटणं फार बारीक पडतात. एक चूक सुधारताना ते दोन नव्या करत. ताई त्याही पकडत. दिवसाला चार पानं व्हायची. खंडाची पानं होती दोनशे बारा. अशाने पायांचा खंड परीक्षा होऊन महिना उलटल्यावर निघाला असता.

दहाव्या दिवशी मोठ्या बाई मधल्या खोलीत आल्या. त्याही अडचणीत होत्या, त्या सकाळी मुलीचा फोन त्यांनीच घेतला होता.

"ताई, एवढ्या वेळी न तपासता पाठवून देऊ. तिला वाचायला काहीतरी तर मिळेल."

"न वाचलेलं पान मी कधी पाठवलंय?"

"नाही. पण वेळच अशी आलीये."

"बाई, कादंबरी असती तर मीच दिली असती," ताई म्हणाल्या. "एक टिंब चुकलं की शब्द बदलतो. ती हे वाचून उद्या कुणाचा तरी गुडघा हातात घेणार आहे."

त्या दुपारी ताई जेवल्या नाहीत. माझ्यासमोर बसून राहिल्या. त्यांचा हात माझ्या बटणांवर होता, पण त्या काही दाबत नव्हत्या. दोन दिवसांपूर्वी फोनवर ती मुलगी हसली नव्हती, हे त्यांनी मिस्त्रींना तीनदा बोलून दाखवलं होतं.

अकराव्या दिवशी मिस्त्रींनी वेगळी वाट धरली. आपल्याकडून कुठला भाग राहून जातोय ते बघावं म्हणून त्यांनी त्या मॉडेलची पूर्ण माहिती जुळ्यावरून छापून आणली आणि ताईंजवळ बसून मोठ्याने वाचायला लागले. पडदा इतका, वजन इतकं, बॅटरी अमुक. "यूएसबी चार. नऊ पिनांचं सॉकेट नाही. कॅमेरा आहे."

"काय नाही म्हणालात?"

"नऊ पिनांचं सॉकेट."

ताईंनी हात लांब करून माझी मागची कड चाचपली. ठोक्याची जाड केबल तिथेच खोचलेली होती. त्यांनी ती धरली आणि धरूनच ठेवली.

"मग ही कशात लावलीये, मिस्त्री?"

मिस्त्री कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "कागदात चूक असेल," ते म्हणाले. ताईंच्या पट्टीत चूक असेल हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. ते फक्त ताईंच्याच मनात आलं. मला त्यांचा चेहरा जवळून दिसत होता. आधी कपाळाला आठी पडली, मग ती हळूहळू गेली.

"प्रत आणि मूळ जुळत नसेल तर आपण काय करतो?"

"मूळ बघतो."

"पट्टी ही प्रत झाली. मी केलेली. मोठ्या बाईंचा लॅपटॉप जरा आणता का इकडे?"

जुळा आला. सात वर्षांनी आम्ही एका टेबलावर होतो, तेही पालथे. ताईंनी त्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि तो नंबर सांगितला. मिस्त्रींनी तो शोधला. नऊ पिनांचं सॉकेट आहे, असं तिथे लिहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा अकरा दिवस शेजारच्या खोलीत होता, आणि वळसे घालून मिस्त्रींच्या चपला झिजल्या होत्या.

 मिस्त्रींना वाटलं ताईंना फार लागलं असेल. ते घाईने म्हणाले, "पट्ट्या पडल्या असतील हो कधीतरी, कुणीतरी उलट्या लावल्या असतील."

"मीच लावल्या," ताई म्हणाल्या. "माझ्या हाताने." आणि त्या हसायला लागल्या. पदराने डोळे पुसावे लागले इतक्या हसल्या. "तीस वर्षं लोकांना पिडलं मी, मिस्त्री. आता सांगा बाहेर सगळ्यांना. मात्राताईंची चूक सापडली म्हणून."

"मी नाही सांगणार," मिस्त्री म्हणाले. त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी सांगतोय, कारण मला त्या हसताना फार आवडल्या.

पण आता ताई कुठल्याच पट्टीवर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. "नंबर मिळाला तरी त्याच्या पोटातलंच विचारा," म्हणाल्या. मिस्त्रींनी माझ्या भागांची यादी उघडली. आवाजाच्या ओळीपुढे पिवळं चिन्ह होतं. त्यावर दोनदा दाबलं की आत आणखी एक पान असतं. तिथे त्या भागाचा स्वतःचा कोड लिहिलेला असतो, कुठल्या कंपनीचा, कुठला नग. ती लांबलचक ओळ सहसा कुणी वाचत नाही. मिस्त्री एकेक अक्षर वाचत गेले, ताई ब्रेलच्या पाटीवर टोचत गेल्या आणि शेवटी त्यांनी सगळं वाचून दाखवलं. बरं झालं. माझ्या मॉडेलमध्येही दोन तऱ्हेचे आवाजाचे भाग बसवले जायचे. कोडमुळे नेमका माझा सापडला.

मिस्त्रींनी आधी मदरबोर्डचा ड्रायव्हर टाकला, कारण पाया नसेल तर भिंत उभी राहत नाही. मला बंद करून चालू केलं. पेन ड्राइव्हवर आता पडद्याचा होता, इंटरनेटचा होता, आवाजाचा होता. माझ्या पडद्यावर अजून तीच फाटकी, मोठाली अक्षरं होती आणि मिस्त्रींना ती वाचायला डोळे बारीक करावे लागत होते. तरी त्यांनी आवाजाचा उचलला.

शंभर टक्के झाले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. माझ्या छातीत काहीतरी हललं आणि सिस्टिम सुरू झाल्याची ती लहानशी धून वाजली. ताईंनी बटण दाबलं.

मी बोललो. "दस्तऐवज. खंड चार. पान एक."

फारसं काही काव्यमय नव्हतं, कबूल आहे. पण ताईंनी माझ्या झाकणाच्या कडेवर हात ठेवला आणि काही क्षण तसाच राहू दिला. मग माझा वेग वाढवत वाढवत नेहमीवर नेला. मिस्त्रींनी कानांवर हात ठेवले आणि ते चहा करायला गेले.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट पानावर, कान माझ्याकडे. मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, पोटरीचे स्नायू, घोट्याचे बंध. दोनशे बारा पानांत एकशे सात चुका निघाल्या. त्यातल्या तीन जागी डावा पाय उजवा झाला होता. तेव्हा मोठ्या बाईंनी ताईंच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. मग दोन दिवस ठोक्या धडधडत राहिला आणि बांधणीच्या खोलीत खंड तयार झाला.

परीक्षेला आठ दिवस होते. पोस्टाची वाट न बघता ती मुलगी स्वतःच आली. पांढरी काठी भिंतीला टेकवली, बाकावर बसली आणि तिथेच पहिलं पान उघडलं. तिची बोटं अजून नवी होती, हळू चालायची. अर्ध्या तासाने मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, तुझी बस जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे, मी घोट्यापर्यंत आलेय."

आता माझं विचाराल तर, मी बरा आहे. पडदा नंतर सुधारला, बाकीचे यूएसबीही जागे झाले. इंटरनेट मात्र मला कुणी जोडलं नाही. जुन्या सिस्टिमने बाहेरच्या जगात हिंडू नये म्हणतात, ते योग्यच आहे. बॅटरी संपलीये, भिंतीतल्या वायरवर जगतो. नवं छपाई यंत्र येणार अशी बोलणी चालू आहेत. ते आलं की ठोक्या आणि मी दोघंही निवृत्त. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त एवढं करा, मला भंगारात द्यायच्या आधी आतली पुस्तकं नीट उतरवून घ्या. ती कुणीतरी ओळ न ओळ ऐकून दुरुस्त केलेली आहेत.

ती मुलगी पास झाली. आता एका दवाखान्यात काम करते आणि दर बुधवारी दुपारी छापखान्यात येते. तीस वर्षं एका खुर्चीत बसून ताईंचे गुडघे धरलेत. ती खाली बसते, बोटांनी वाटीच्या कडा शोधते आणि एकदाही चुकत नाही.

"ताई, पाय सरळ करा बघू."

"थांब गं, एवढं पान होऊ दे."

"पान नाही. ओळ."

ताई कुरकुरतात, पण माझा वेग कमी करतात. मी ती ओळ सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो, आणि ताई पाय पुढे करतात.